अंगणातील वृक्ष आणि श्रावकाचा विवेक

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने घरोघरी वृक्ष लावण्याचा संकल्प समाजाने सोडावा, ही मोठ्या आनंदाची गोष्ट होय. तथापि अशा संकल्पात बहुधा संख्येचाच विचार होतो. किती रोपे आणली, किती वाटली, किती हातांनी लावली, याची नोंद राहते. कोणते रोप, कोणत्या जागी आणि किती अंतरावर लावले, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. रोपवाटिकेत जे मिळेल ते आणावे आणि जेथे जागा मोकळी दिसेल तेथे खड्डा काढावा, असा रिवाज पडून गेला आहे. या रिवाजाचा परिणाम लगेच दिसत नाही. तो वीस-पंचवीस वर्षांनी दिसतो, आणि त्या वेळी श्रावकाच्या घरासमोर धर्मसंकट उभे राहते.

असे धर्मसंकट एका सुशील कुटुंबावर आले. घर १९८२ साली बांधले गेले. मागील बाजूस पाण्याचा हौद होता. काही वर्षांनी हौदाच्या भिंतीलगत, पक्ष्याच्या विष्ठेतून पडलेल्या बीजापासून उंबराचे वीतभर रोप उगवले. घरातील मुलगा ते उपटावयास निघाला, तेव्हा आजींनी त्याला अडविले. जीव आहे, आपण होऊन आला आहे, कशाला उपटावा, असे त्यांचे म्हणणे. त्या भावनेत काहीही वावगे नव्हते. रोप राहिले, वाढले, त्याचा वृक्ष झाला. खोडाला लगडलेल्या फळांवर तांबट आणि कोकिळा येऊ लागल्या, रात्री वटवाघळे येऊ लागली, फांद्यांवर घरटी झाली. आणि एके उन्हाळ्यात हौद गळू लागला. पाठोपाठ स्वयंपाकघराच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला. मुळे हौदाच्या फटीतून आत शिरली होती आणि पायाखालून पलीकडे गेली होती. अभियंत्याने सांगितले की घर किंवा झाड, दोहोंपैकी एकच राहील.

रीतसर परवानगी घेऊन झाड तोडण्याचा दिवस ठरला. त्या दिवशी आजींनी उपवास केला आणि दार लावून दिवसभर नमोकार मंत्राचा जाप केला. करवतीचा आवाज मात्र दाराआडही येतच होता. सायंकाळी त्यांनी नातवाला एवढेच विचारले, “तेव्हा वीतभर असताना ते देवळाच्या माळावर नेऊन लावले असते तर?” या प्रश्नाचे उत्तर घरात कोणाजवळच नव्हते.

त्या प्रश्नाचे उत्तर शोधणे, हाच या व्याख्यानाचा हेतू होय. त्या कुटुंबात दया उणी नव्हती. उणा होता तो यत्नाचार, ज्याला आपल्यापैकी काही घरांत जयणा म्हणतात. कृती करण्यापूर्वी तिच्यातून पुढे कोणाला पीडा होईल याचा विचार करणे, म्हणजे यत्नाचार. चालताना चार हात भूमी पाहून चालावे, पाणी गाळून प्यावे, दिवस असता जेवावे, हे सारे त्याचेच अंग आहे. वृक्ष लावतानाही तोच नियम लागू पडतो. चुकीच्या जागी लावलेले रोप म्हणजे पुढे ढकललेली हिंसा होय. ज्या दिवशी खड्डा खणला जातो, त्याच दिवशी कुऱ्हाडीचा दिवसही ठरून जातो.

जैन दर्शनाने वनस्पतीला केवळ सजीव म्हणून सोडून दिलेले नाही. पृथ्वी, जल, अग्नी, वायू आणि वनस्पती या पाच स्थावर कायांत तिची गणना आहे. तिला स्पर्श हे एकच इंद्रिय असले, तरी जन्म, वाढ, आहार आणि म्लान होणे हे धर्म माणसाप्रमाणे तिलाही आहेत, असे विवेचन आचारांग सूत्राच्या पहिल्याच अध्ययनात येते. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत जंगलतोडीवर चालणारे वनकर्म आणि कोळसे पाडण्याचे अंगारकर्म येते, तेही याच कारणाने. गृहस्थाला स्थावर जीवांची हिंसा सर्वस्वी टाळता येत नाही, हे शास्त्रकार जाणतात. म्हणून त्यांनी गृहस्थासाठी निरर्थक हिंसेच्या त्यागावर भर दिला. थोड्या विचाराने टळली असती अशी वृक्षतोड ही अशाच हिंसेत मोडते.

लेश्यांचे स्वरूप समजाविण्यासाठी जांभळाच्या वृक्षाचे उदाहरण देतात, ते पाठशाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. सहा भुकेले वाटसरू फळांनी लगडलेल्या वृक्षाखाली येतात. पहिला मुळासकट वृक्ष पाडू म्हणतो, दुसरा बुंध्यापाशी तोडू म्हणतो, तिसऱ्याला फांदी हवी, चौथ्याला घोस, पाचव्याला पिकलेली फळे. आणि सहावा म्हणतो की खाली पडलेली फळेच पुरेशी आहेत. कृष्ण लेश्येपासून शुक्ल लेश्येपर्यंतचे परिणाम या दृष्टांतात येतात. घराशेजारी वृक्ष लावणाऱ्या गृहस्थाने हाच दृष्टांत आधी आठवावा. अयोग्य जागी लावलेला वृक्ष, लावणाऱ्याची इच्छा नसतानाही, त्याला सहाव्या वाटसरूच्या जागेवरून पहिल्याच्या जागी नेऊन उभा करतो.

मग योग्य वृक्ष कोणता? परंपरेनेच येथे साहाय्य केले आहे. प्रत्येक तीर्थंकरांना ज्या वृक्षाखाली केवलज्ञान झाले, त्या वृक्षांची नावे शास्त्रांत आहेत. काही नावांत परंपराभेद असला, तरी पुष्कळ नावे सर्वत्र सारखी आहेत. भगवान आदिनाथांचा वड, अजितनाथांची सप्तपर्णी, विमलनाथांचे जांभूळ, अनंतनाथांचा पिंपळ, अरनाथांचा आंबा, मल्लिनाथांचा अशोक, मुनिसुव्रतनाथांचा चंपक, नमिनाथांची बकुळ आणि भगवान महावीरांचा शाल. हे सर्व वृक्ष वंदनीय होत. परंतु वंदनीय असणे आणि घराच्या भिंतीलगत शोभणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या नावांची जागेनुसार तीन गटांत मांडणी करता येते.

पहिला गट महावृक्षांचा : वड, पिंपळ, आणि त्यांचाच गोतावळा असलेला उंबर. यांची मुळे ओलाव्याच्या शोधात फार दूर जातात. भिंतीच्या चिरेत बी पडले तरी पिंपळ तेथे रुजतो आणि चिरा फाकवितो. जुन्या वाड्यांची आणि शिखरांची अवस्था पाहिली की हे पटते. यांना घर, विहीर, हौद आणि मैलाटाकी यांपासून निदान चाळीस-पन्नास फूट दूरच ठेवावे. मंदिराचा माळ, गावठाणाची मोकळी जागा, तळ्याचा काठ ही यांची खरी स्थाने होत.

येथे एक शंका हमखास निघते. वड, पिंपळ, उंबर, पाकर आणि कठूमर ही पंच उदुंबर फळे तर श्रावकाला निषिद्ध. मग हे वृक्ष लावावेतच कशाला? निषेध फळ भक्षण करण्याचा आहे, वृक्षाचा नाही. त्या निषेधाचे कारण आधुनिक वनस्पतिशास्त्रही दाखवून देते. उंबराचे फूल कोणाला दिसत नाही अशी जुनी समजूत आहे, आणि ती एका अर्थी खरी आहे, कारण त्याची फुले फळासारख्या दिसणाऱ्या गोळ्याच्या आत असतात. चिलटाहून लहान असा कीटक बारीक छिद्रातून आत शिरतो, परागीभवन करतो आणि तेथेच अंडी घालतो. म्हणून अशा फळात त्रस जीवांचा वास असतो. सूक्ष्मदर्शक यंत्र येण्याच्या कितीतरी शतके आधी आपल्या आचार्यांनी हे फळ ताटातून दूर केले. पक्ष्यांना मात्र त्या फळाचा मोठा आधार आहे. अन्य फळे नसतात अशा दिवसांतही या कुळातील एखादे झाड फळावर असते. म्हणून वड-उंबर अवश्य लावावेत. केवळ घरापासून दूर लावावेत.

दुसरा गट मध्यम आणि उंच वृक्षांचा : आंबा, जांभूळ, सप्तपर्णी, आणि केवलवृक्षांत नसलेला पण आपल्या हवेला मानवणारा कडुनिंब. यांना घरापासून वीस ते तीस फूट अंतर हवे. रायवळ आंबा पुष्कळ मोठा होतो, कलमी आंबा त्या मानाने आटोपशीर राहतो; लहान आवारात कलमच लावावे. जांभूळ रस्त्याच्या किंवा फरशीच्या कडेला नको. गळालेल्या फळांनी वाट निसरडी होते आणि पायाखाली जीव चिरडले जातात. सप्तपर्णी, म्हणजे सातविण, हिला शरद ऋतूत इतका उग्र सुगंध सुटतो की काहींना रात्री त्याचा त्रास होतो. शांतिनिकेतनच्या विश्वभारतीत पदवीदान समारंभात याच वृक्षाच्या पानाला परंपरेने स्थान आहे, इतका त्याचा मान आहे. तरीही तो शयनगृहाच्या खिडकीशी लावू नये.

तिसरा गट अंगणाचा. यात पहिला मान बकुळीचा. ती सावकाश वाढते, बारमाही हिरवी असते, छाया दाट देते आणि फांद्यांनी चिवट असते. दुसरा सोनचाफा, म्हणजेच शास्त्रांतला चंपक. त्याचे कलम लावल्यास झाड आटोक्यात राहते आणि फुलेही लवकर येतात. तिसरा अशोक, पण येथे फसगत होते. मंदिरांच्या आवारात अशोक म्हणून जी सरळसोट, लोंबत्या पानांची उंच झाडे ओळीने लावलेली असतात, तो खरा अशोक नव्हे. त्याला कोणी खोटा अशोक म्हणतात, गुजरातीत आसुपालव म्हणतात. समवसरणातील अष्टप्रातिहार्यांत ज्याचे नाव पहिले येते, तो अशोक म्हणजे सीताअशोक. तो पंचवीस-तीस फुटांपर्यंत वाढतो, त्याची छाया गोलाकार असते आणि वसंतात त्याला केशरी-तांबड्या फुलांचे गुच्छ येतात. निसर्गात तो दुर्मीळ होत चालला आहे. देशावरच्या कोरड्या हवेत त्याला आडोसा आणि नियमित पाणी लागते. तेवढी सोय असेल तर आपल्या अंगणात त्याच्याइतका योग्य वृक्ष नाही. या गटाला घरापासून दहा-पंधरा फूट पुरतात. याहूनही जागा कमी असेल तर पारिजातक, आवळा, कढीलिंब आणि लिंबू ही लहान झाडे आहेतच.

काही झाडे घराजवळ टाळलेली बरी. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. उन्हाळ्यात अतिशय शोभिवंत दिसतो, परंतु त्याचे लाकूड ठिसूळ आणि मुळे उथळ, म्हणून वादळात तो लवकर कोलमडतो. शेवग्याची फांदीही ठिसूळ असते; मुलांनी चढू नये अशा जागी तो लावावा. पिवळ्या फुलांची बिट्टी आणि कण्हेर दिसावयास सुंदर, पण त्यांचे सर्व भाग विषारी आहेत. जेथे लहान मुले आणि गुरे वावरतात तेथे ती नकोत. झटपट हिरवे कुंपण म्हणून अनेक शहरांत लावल्या गेलेल्या कोनोकार्पस या परदेशी झाडाच्या लागवडीवर गुजरात सरकारने २०२३ साली बंदी घातली. झटपट वाढणे हा वृक्षाचा एकमेव गुण समजू नये, हेच यातून दिसते.

वृक्षाइतकाच विचार मातीचा करावा. दख्खनच्या पुष्कळ भागांत काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. मोठा वृक्ष पायाजवळचा ओलावा शोषून घेतो, तेव्हा तेथील माती अधिकच आकसते आणि भिंतीला तडे जातात. म्हणून काळ्या मातीवरील घरापासून, वृक्ष पूर्ण वाढल्यावर त्याची उंची जेवढी होईल तेवढे अंतर मिळाल्यास उत्तम. मुरमाड जमिनीत हे भय कमी असते. मुळे सहसा धडधाकट नळ फोडीत नाहीत. जेथे सांधा आधीच पाझरतो तेथे ती शिरतात. यासाठी झाड लावण्यापूर्वी नळ, गटार आणि टाकी यांची दुरुस्ती करून घ्यावी. डोक्यावरून विजेची तार जात असेल तर खाली उंच वाढणारे झाड लावू नये. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी त्याची डोकी छाटली जातात, आणि एका तोडीऐवजी वीस तोडी होतात.

लहान मुलाला सदरा शिवताना घरातील वडीलधारी माणसे वाढत्या अंगाचे माप घ्यावयास सांगतात. रोप हेही वाढत्या अंगाचेच असते. आज हातभर असलेल्या रोपाभोवती उद्याचा पसारा मनाने आखून पाहावा, आणि मगच कुदळ उचलावी.

दिशेचाही विचार हवा. आपल्याकडे चैत्र-वैशाखात घर तापते ते मुख्यत्वे पश्चिमेच्या उन्हाने. त्या बाजूस दाट छायेचा, चिवट फांद्यांचा वृक्ष असावा; पावसाळी वारे पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येत असल्याने तेथे ठिसूळ झाड मात्र धोक्याचे ठरते. पूर्वेची बाजू शक्यतो मोकळी ठेवावी, म्हणजे सकाळचे कोवळे ऊन घरात येते.

लागवडीच्या काळाविषयी श्रावकाच्या मनात एक संकोच असतो. रोप लावण्याचे दिवस पावसाळ्याचे, आणि तोच चातुर्मासाचा काळ. या काळात भूमीवर जीवोत्पत्ती विपुल होते, म्हणूनच साधु-साध्वी विहार थांबवितात. अशा दिवसांत खोदकाम कसे करावे? याला शेतकऱ्यांची जुनी रीतच उपयोगी पडते. खड्डे उन्हाळ्यातच, चैत्र-वैशाखात काढून ठेवावेत. त्या वेळी माती कोरडी असते आणि तिच्यात जीवांची दाटी कमी असते. मोठ्या झाडाला तीन फूट लांब, रुंद आणि खोल, लहानाला दोन फूट पुरे. प्राणी किंवा मूल पडू नये म्हणून खड्ड्याला कुंपण करावे. ज्येष्ठात माती आणि कुजलेले शेणखत यांनी तो भरून घ्यावा, आणि पहिले चांगले पाऊस होताच चातुर्मास लागण्यापूर्वी रोप लावावे. त्यानंतर मोठे खोदकाम उरत नाही. स्थानिक हवेचे रोप निवडल्यास पुढे कीटकनाशक फवारण्याचे प्रसंगही कमी येतात, हा लाभ लहान नाही.

आपोआप उगवलेल्या रोपांचे काय, हा आजींचा प्रश्न शेवटी उरतोच. भिंतीलगत वड, पिंपळ वा उंबर उगवलेला दिसताच त्याच पावसाळ्यात, मुळाभोवतीच्या मातीच्या गोळ्यासह त्याला अलगद काढावे आणि मोकळ्या माळावर नेऊन लावावे. वीतभर रोप हे स्थलांतर सहज सोसते. उशीर म्हणजे दया नव्हे. तो निर्णय पुढच्या पिढीवर ढकलणे होय. त्यासाठी ट्रस्टने मंदिराच्या मोकळ्या जमिनीत एक कोपरा राखून ठेवला, तर घरोघरची अशी निराधार रोपे तेथे आश्रय घेतील.

वृक्ष मोठा झाल्यावर मार्ग अरुंद होतात. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रांतील झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवाचून स्वतःच्या आवारातील झाडही तोडता येत नाही. २०२१ साली त्यात झालेल्या सुधारणेनुसार पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या वृक्षाला ‘प्राचीन वृक्ष’ म्हणून विशेष संरक्षण मिळाले, आणि तोडलेल्या वृक्षाचे जेवढे वय तेवढी नवी रोपे लावण्याचे बंधन आले. पन्नास वर्षे हेच सुवर्णमहोत्सवाचेही वय होय. संस्थेने पन्नास वर्षे पूर्ण केली, ती कोणीतरी दररोज दार उघडले, दिवा लावला, हिशेब लिहिला म्हणून. वृक्षालाही पन्नाशी गाठावयाची तर अशीच नित्याची निगा लागते.

म्हणून या महोत्सवात रोपांची संख्या मोजण्याऐवजी एक नियम घ्यावा. आपला समाज नियमाचे महत्त्व जाणतो. लहान मूलही चातुर्मासात काही ना काही नियम घेते. प्रत्येक कुटुंबाने एकच वृक्ष लावावा, परंतु जागा, माती, अंतर आणि जात यांचा विचार करून लावावा. आणि सलग तीन उन्हाळे त्याला पाणी घालण्याचा नियम घ्यावा. भाजी-धान्य धुतलेले पाणीही त्यासाठी पुरते. तीन उन्हाळे काढलेले झाड पुढे बहुधा आपल्या बळावर उभे राहते. जीव एकमेकांना उपकारक असतात, हे तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात सांगितले आहे. झाड छाया देते ते न सांगता देते. त्याला योग्य जागा देणे एवढेच गृहस्थाच्या हाती असते.

त्या कुटुंबाने पुढल्या वर्षी काय केले, हे सांगून हे विवेचन पूर्ण करणे उचित होईल. उंबराची नवी रोपे त्यांनी देवळामागच्या माळावर लावली. घराच्या अंगणात, भिंतीपासून पंधरा फूट मोजून, बकुळ लावली आणि कुंपणाशी पारिजातक लावला. दोरी आजींनी स्वतः धरली होती. पारिजातक दुसऱ्याच वर्षी फुलला. पहाटे सामायिक आटोपून त्या ओसरीवर येत, तेव्हा फुले आपण होऊन जमिनीवर उतरलेली असत; फांदीला हात लावण्याचे कारणच पडत नसे. जांभळाखालचा सहावा वाटसरू जे म्हणाला, ते त्या अंगणात रोज पहाटे घडत होते.

प्रत्येक श्रावकाच्या अंगणात असा एक वृक्ष उभा राहो आणि त्याला कधीही कुऱ्हाड न लागो, ही मंगल कामना.

जय जिनेंद्र.